माज, मोठेपणा की दुखणं? दोन गिनिपिग माद्यांचं बिनसलंय

गवती_चहा (लातूर)

नमस्कार. घरात गिनिपिगच्या दोन माद्या आहेत. शेवंता अडीच वर्षांची, ९४० ग्रॅम. चिंगी सात महिन्यांची, ७२० ग्रॅम. चिंगी दोन महिन्यांची होती तेव्हापासून दोघी एकत्र आहेत आणि आतापर्यंत एकाच वाटीत तोंड घालून खात होत्या.

गेल्या दीड महिन्यात मात्र शेवंता घशातून घुर्रर्र आवाज काढत, मागचा भाग डावी-उजवीकडे झुलवत चिंगीभोवती फिरते आणि तिच्या पाठीवर चढते. चिंगी किंचाळते, पळते, कधी मागे न वळताच लघवीची पिचकारी मारते. आधी हे एखाद्या दिवशी व्हायचं आणि मग दोन आठवडे शांतता. आता तीन-चार दिवसांआड चालू आहे. रक्त निघालेलं नाही. खाणं दोघींचं ठीक. शेवंताचे दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत, पण उन्हाळा आहे म्हणून गळत असतील.

पिंजरा अडीच फूट बाय दीड फूट, एक लाकडी घर, एक पाण्याची बाटली. दिवसा खोलीत ३६-३७ अंश होतं. कूलर आहे, पण लाइट जाते. दोघींना कायमचं वेगळं करावं का? त्या माजावर आल्यात असं कुणी म्हणतं, तर कुणी म्हणतं मोठी लहानीवर हुकूम गाजवते.

शिवार (नांदेड)

ताई, वेगळं करा. नाहीतर एखादा नर आणून सोडा, दोघी शांत होतील. जनावर माजावर असलं की असंच करतं.

कडबाकुट्टी (परभणी)

शिवार भाऊ, नराचा सल्ला मागे घ्या, यात शेवंताचा जीव जाईल. गिनिपिगच्या मादीची ओटीपोटाची हाडं पुढच्या बाजूला सांध्याने जोडलेली असतात. विताना तो सांधा सैल होऊन उघडावा लागतो, कारण पिल्लं आईच्या मानाने मोठी असतात, अंगावर केस आणि डोळे उघडे असलेली जन्मतात. मादी ६-७ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल तर तो सांधा पुढे नीट उघडत नाही आणि पिल्लू अडकतं. शेवंता अडीच वर्षांची आहे. चिंगीही सात महिन्यांची, म्हणजे तिचीही वेळ टळत आली. शिवाय मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर शेजारी असला की ती आटलेल्या अंगाने लगेच पुन्हा गाभण. दोन मोठ्या जनावरांचं वागणं निवळावं म्हणून असा धोका पत्करायचा नसतो.

गवती_चहा ताई, तुमच्या लिहिण्यातली कुशीच्या केसांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्यावर सविस्तर लिहितो. त्याआधी एक काम करा. शेवंताने आणि चिंगीने असं नेमकं कोणत्या तारखांना केलं? फोनमध्ये व्हिडिओ असतील तर त्यावर तारीख सापडेल. दोघींच्या तारखा वेगवेगळ्या लिहा.

माळवद (अंबाजोगाई)

तारखा येईपर्यंत आवाज आणि हालचालींबद्दल लिहिते, कारण निम्म्या चुका इथेच होतात.

टेबलावर व्हायब्रेट होणाऱ्या मोबाइलसारखी खालच्या सुरातली घुरघुर आणि संथपणे झुलणारी कंबर, हे नर करतो तसं मादीही करते. त्याचे दोन अर्थ. एक, मी माजावर आहे. दोन, इथली मोठी मी. बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी. चढणंही तसंच. मादी मादीवर चढते यात काही विकृत नाही, गोठ्यात माजावरची गाय दुसऱ्या गायीवर उडी घेते तसंच हे आहे. चिंगीची लघवीची पिचकारी म्हणजे 'आता पुरे, सोड मला'. नेम चुकत नाही, बहुतेक मागच्या मादीच्या तोंडावरच बसते. तिचं किंचाळणंही बहुतेक वेळा दुखतंय म्हणून नसतं. धाकटी 'मी हार मानली' हे मोठ्याने सांगत असते. ती सांगते म्हणून भांडण पुढे जात नाही.

घाबरायचं ते दातांच्या कटकटीला. घुरघुर छातीतून येते, कटकट दातांवर दात आपटून येते, कोरडी आणि जलद. त्यासोबत मानेवरचे केस उभे, डोकं वर फेकणं, तोंड फाकवून दात दाखवणं (जांभई वाटते, जांभई नसते), दोघी समोरासमोर नाक उंचावून उभ्या. इथपर्यंतही हात घालू नका. जिचं नाक खाली येईल ती हरली आणि विषय मिटला. एकीने झेप घेऊन चावा घेतला आणि केसांचा पुंजका तोंडात आला की लक्ष ठेवून बसा. दोघी एकमेकींत गुंतून गोळा होऊन लोळायला लागल्या किंवा रक्त दिसलं तर त्याच क्षणी सोडवा. सोडवताना उघडा हात घालायचा नाही, बोट फाटतं. केर भरायची सुपली मध्ये सरकवा किंवा जाड टॉवेल टाकून वरचीला उचला.

तुमच्याकडे अजून गोळा झालेला नाही, रक्त नाही. त्यामुळे आत्ता वेगळं करू नका. चार दिवस वेगळ्या ठेवून परत एकत्र आणलं की मोठी-धाकटी हे सगळं पहिल्यापासून ठरवावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त कडक होतं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक: दुकानातून 'दोन्ही माद्या' म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणं फार घडतं. घुरघुर सुरू झाली की आधी उलटं धरून बघा. मादीची फट इंग्रजी वाय अक्षरासारखी, नराचं गोल ठिपक्यासारखं, आणि ठिपक्याच्या वर पोटाकडे बोटाने अलगद दाबलं की इंद्रिय बाहेर येतं. इथे ती शंका नाही. दोघींपैकी एक जरी नर असता तरी पाच महिन्यांत दुसरी व्याली असती, कारण गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचाच असतो.

गवती_चहा (लातूर)

खूप आभार. व्हिडिओंवरून तारखा काढल्या.
चिंगी (शेवंतावर चढायचा प्रयत्न, घुरघुर): ४ मार्च, २० मार्च, ५ एप्रिल.
शेवंता: ७ मार्च, २२ मार्च, ३० मार्च, २ एप्रिल, ६ एप्रिल, ९ एप्रिल.

माळवद (अंबाजोगाई)

चिंगीचं बघा, १६ आणि १६ दिवस. घड्याळासारखं. गाय २१ दिवसांनी माजावर येते, गिनिपिग १५ ते १७ दिवसांनी. खरा माज फक्त ६ ते ११ तासांचा, पण त्याच्या आगेमागे मिळून दीड-दोन दिवस चिडचिड जाणवते. हा सोळा दिवसांचा हिशेब १९१७ मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनिपिगच्याच योनीतला स्राव काचेवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघून मांडला. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आज जी पॅप तपासणी करतात, तिला नाव मिळालं ते याच पापानिकोलाऊंचं.

माजाच्या सुमारास मादीच्या योनीवरचा पातळ पडदा उघडतो, एरवी तो बंद असतो. जखम झाली समजून तिथे मलम लावू नका, कापसाने पुसू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गिनिपिगला माजात रक्त जात नाही. अंथरुणावर लाल डाग दिसला तर तो माज नसतो. मूत्रखडा, लघवीच्या जागेचा संसर्ग, नाहीतर गर्भाशयाचं दुखणं. त्याच दिवशी डॉक्टर.

चिंगीला काही झालेलं नाही. ती वयात आली आणि मोठीला जोखून बघते आहे. शेवंताचं मात्र १५ दिवसांवरून ८, ३, ४, ३ झालं. हे माझ्या मते माजाचं गणित नाही.

कडबाकुट्टी (परभणी)

बरोबर. याच तारखांसाठी थांबलो होतो.

वयाची दोन वर्षं ओलांडलेल्या, न व्यालेल्याच काय, व्यालेल्या माद्यांमध्येही अंडाशयावर पाण्याच्या गाठी होणं फार सर्रास आहे. त्या दोन तऱ्हेच्या. काही गाठी हार्मोन बनवतात, त्यामुळे मादी सतत माजावर असल्यासारखी वागते. दुसऱ्या, ज्या जास्त आढळतात, त्या नुसत्या पाण्याच्या पिशव्या. त्या हार्मोन फारसं बनवत नाहीत, पण वाढत जाऊन पोटात जागा खातात. एकाच मादीत दोन्ही असू शकतात. म्हणून सोळा दिवसांची लय मोडणं, कुशीचे केस जाणं आणि वय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की उन्हाळ्याच्या नावावर ढकलायचं नाही.

केस नीट तपासा. शेवंताला मांडीवर टॉवेलवर घ्या आणि उजेडात केस उलटे फुंकर मारून बघा. गाठींमुळे जाणारे केस दोन्ही कुशींवर सारखे जातात, कातडी खाली स्वच्छ आणि गुळगुळीत असते, ती खाजवत नाही. खाजवून खाजवून लाल केलं असेल, कातडी जाड आणि कोंडाळ असेल तर खरजेचे किडे. नाकाभोवती, डोळ्याभोवती, कानावर गोल खपली असेल तर गजकर्ण (घरातल्या लेकरांनाही लागतो, हात धुवा). केस मुळापासून गेले नसून कात्रीने कापल्यासारखे खुंट राहिले असतील तर चिंगी ते कुरतडते आहे, आणि त्याचं कारण बहुतेक कमी गवत आणि कमी जागा.

मग स्तनाग्रं. दोनच असतात. ती मोठी, काळपट, वर मेणासारखी खपली धरलेली दिसली तर हार्मोनचा जोर आहे. मग वरून बघा: अंग पेरूच्या आकाराचं, मागे रुंद झालंय का? पोट चाचपायचं असेल तर तळहात सपाट ठेवून, तेवढंच. बोटं रुतवून गाठ शोधू नका, मोठी गाठ आत फुटू शकते.

वजन स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाठीतलं पाणीही काट्यावर येतं. ९४० ग्रॅम दिसतात, पण पाठीच्या कण्यावरून बोट फिरवल्यावर मणी मोजता यायला लागले तर मांस उतरलंय आणि वजन पाण्याचं आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून दर रविवारी सकाळी, खायला द्यायच्या आधी, दोघींचं वजन लिहा. आठवड्यात ५० ग्रॅम कमी झाले तर रोज मोजायचं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी घट म्हणजे दवाखाना, उद्या नाही, आज. चिंगीचं वजन उतरत असेल तर अर्थ वेगळा: शेवंता तिला गवतापर्यंत पोचू देत नाही.

सोनोग्राफी हवीच, तिच्याशिवाय सगळा अंदाज. लातूरहून उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ, नाहीतर आमच्याकडे परभणीचं. तिथे गर्दी गायी-म्हशी-शेळ्यांची आणि कुत्र्यांची असते, म्हणून आधी फोन करून गिनिपिग बघतात का, सोनोग्राफी कोणत्या दिवशी, हे विचारून घ्या. सकाळी उजाडताच निघा, झाकणाला भोकं असलेल्या खोक्यात, वर ओला पंचा, आत काकडीचे तुकडे आणि मूठभर गवत. चिंगीलाही सोबत न्या. एकट्या शेवंताच्या अंगाला दवाखान्याचा वास लागला की घरी परतल्यावर चिंगीला ती परकी वाटते.

आणि हे कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा: गिनिपिगला तोंडाने अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन देऊ नये. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिनही नको. कुत्र्याला चालणारी ही औषधं हिच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, विषारी जंतू माजतात आणि जुलाब लागून काही दिवसांत जनावर जातं. संसर्ग असेल तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा जास्त सुरक्षित.

गोदाकाठ (पैठण)

डॉक्टरकडे जाईपर्यंत पिंजरा बदला, कारण आहे त्या जागेत दोन शहाण्या माद्याही भांडतील. अडीच बाय दीड म्हणजे पावणेचार चौरस फूट. दोघींना किमान साडेसात लागतं, चार बाय दोन केलं तर आठ होतं आणि एकीला दुसरीपासून भिंतीकडेने पळायला मोकळी वाट मिळते. तळाला आणि कडेला सनपॅक शीट (फ्लेक्सवाल्याकडे मिळते), वरून जाळी. एक मजली, माड्या नको.

तुमचं लाकडी घर एका दाराचं असणार. भांडण तिथेच पेटतं. धाकटी आत, मोठी दारात, सुटायला वाट नाही. दोन घरं ठेवा आणि प्रत्येकाला दोन दारं. उन्हाळ्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे जुना माठ: आडवा पाडून तोंड आणि तळ दोन्ही उघडे करायचे, कडा दगडावर घासून गोल करायच्या, बाहेरून दिवसातून दोनदा ओला करायचा. मातीतून पाणी उडतं आणि आत चांगलंच गार राहतं.

बाटल्या दोन, दोन टोकांना. गवताचे ढीग दोन, एकमेकांच्या नजरेआड. भाजीही एका वाटीत नको, दोन ताटल्यांत. सुकं गवत जनावराच्या अंगाएवढं रोज, संपता कामा नये. मारवेल किंवा हरळी वाळवलेली उत्तम. लसूणघास मोठ्या मादीला रोज देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त, मूत्रखडे होतात. ज्वारीचा कोवळा पाला अजिबात नाही. जनावराला किराळ (विषबाधा) लागते ती याच कोवळ्या ज्वारीने.

क जीवनसत्त्व गिनिपिगचं अंग बनवत नाही, बाहेरूनच लागतं, किलोला १० ते ३० मिलिग्रॅम रोज. हिरव्या ढोबळी मिरचीचे २५-३० ग्रॅमचे काप आणि चार काड्या कोथिंबीर एकीला पुरतात. पाण्यात थेंब टाकणं सोडा, उजेडात आणि उष्णतेत ते तासाभरात विरायला लागतं. कमी पडलं की सांधे दुखतात आणि दुखणारी मादी अंगाला हात लावू देत नाही. लोक त्याला माज समजतात.

आता उष्णता. ३६-३७ अंश हे भांडणाचं कारण तर आहेच, पण मुळात जिवावरचं आहे. यांना १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या पुढे ऊष्माघात. खोलीत एकच गार फरशी असेल तर शेवंता ती अडवणार आणि चिंगी तापणार. म्हणून फरश्याही दोन, आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत बर्फ करून सुती फडक्यात गुंडाळून दोन ठेवा. लाइट जाते म्हणून फ्रीजरमध्ये सहा-आठ तयार असू द्या. पत्र्याखालच्या खोलीतून हलवून घरातल्या सगळ्यात जाड भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत. जुनं माळवदाचं (मातीच्या छताचं) घर असेल तर प्रश्नच मिटतो. खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. मादी आडवी पसरून जलद श्वास घेत असेल, हनुवटी लाळेने ओली असेल तर पाय आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि निघा.

गवती_चहा (लातूर)

पिंजरा चार बाय दोन केला, माठ ठेवला. त्याच रात्रीपासून पाठलाग कमी झाला, पण शेवंताची घुरघुर आहेच. आज उदगीरला सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयांवर गाठी, डावीकडची मोठी, साधारण तीन सेंटिमीटर. स्तनाग्रांवर खपली होती. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊन बघता येईल किंवा २३ एप्रिलला ऑपरेशन. काय विचारू त्यांना?

कडबाकुट्टी (परभणी)

इंजेक्शनने हार्मोनवाल्या गाठी काही वेळा आकसतात, नुसत्या पाण्याच्या पिशव्या आकसत नाहीत. सुईने पाणी काढलं तर पोट हलकं होतं, पण ते पुन्हा भरतं. ऑपरेशनच मुळावरचा उपाय. अंडाशयासोबत गर्भाशयही काढतात, कारण गाठी असलेल्या माद्यांत गर्भाशयातही बिघाड बऱ्याचदा असतो. शेवंता अडीच वर्षांची आहे, खातेय, कणा भरलेला आहे. ही वेळ चांगली आहे, मी ऑपरेशनच निवडेन.

डॉक्टरांना हे विचारा: भूल आयसोफ्लुरेन वायूने देणार का? टेबलावर ऊब कशी ठेवणार? वेदनाशामक किती दिवस? आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. कुत्र्याला उपाशी ठेवतात, गिनिपिगला नाही. तिला उलटी होत नाही, उलट रिकामं आतडं थांबतं आणि ऑपरेशन चांगलं होऊनही त्यात जनावर जातं. तोंडात घास राहू नये एवढंच बघायचं.

घरी आणल्यावर काही तासांत ती खायला हवी. नाही खाल्लं तर पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, गाळण्यातून घोटून, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, एका वेळी १ मिलि, चावून गिळू द्यायचं. दिवसाला ५०-६० मिलि, पाच-सहा वेळांत वाटून. लेंड्या मोजा. पडत नसतील तर फोन करा. टाक्यांखाली भुसा नको, स्वच्छ सुती कापड.

वागणुकीबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. हार्मोनमुळे चालणारं चढणं काही आठवड्यांत उतरतं, केस यायला दोन-तीन महिने. पण शेवंता मोठी आहे, ती मोठीच राहणार. गवताच्या ढिगावरून चिंगीला हटवणं, अधूनमधून घुरघुर, हे गाठींतून आलेलं नाही, ते कापून जात नाही.

माळवद (अंबाजोगाई)

तारखेचं एक बघा. चिंगीचा पुढचा माज ५ एप्रिलनंतर १६ दिवसांनी, म्हणजे २१ एप्रिलच्या आसपास. २३ ला ऑपरेशन असेल तर तो नुकताच उरकलेला असेल, हे बरं आहे. टाके १० ते १४ दिवस, म्हणजे ७ मेपर्यंत. आणि चिंगीचा त्यानंतरचा माज ७ मेलाच येतो.

२३ पासून पिंजऱ्याच्या मधोमध जाळी लावा, दोघींना नाकाला नाक लावून वास घेता येईल अशी, शेजारी झोपता येईल अशी. टाके सुकलेत असं डॉक्टर ५ तारखेला म्हणाले तरी जाळी काढू नका. ८-९ मे उलटू द्या. मग पिंजऱ्याबाहेर, दोघींनाही नवख्या अशा फरशीवर जुनी चादर टाकून, गवताचे तीन ढीग करून, संध्याकाळी गार झाल्यावर दोन-तीन तास एकत्र सोडा. त्या वेळात पिंजरा धुवून दोघींचाही वास काढून टाका, म्हणजे परत जाताना तो कुणा एकीचा राहत नाही.